वाटेकरी

४ ऑक्टोबर
आलो एकदाचे! कागद गिरणीने अर्धं आयुष्य घेतलं आणि शेवटी केक खायला घालून घरी पाठवलं. केकसुद्धा कालचा होता. असो. आता लेहमीवारा या खेड्यात आमचं स्वतःचं घर आहे. पुढे तळं, काठावर सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, मागे भलंमोठं लाकडी कोठार, आणि त्याच्या मागे तोड झालेल्या जंगलाचा मोकळा पट्टा. आमच्या कुत्रीने, हल्लाने, कोठाराभोवती धावून धावून जीभ बाहेर काढली. मूससारख्या घोड्याएवढ्या रानहरणाला भुंकून जागच्या जागी उभं करणारी अशी कुत्री या भागात दुसरी नसेल. तुइरे म्हणते, "तिथे मशीन ओरडायची, इथे मी ओरडेन, तुला चुकल्यासारखं वाटणार नाही." सकाळी चूल पेटवताना ती गात होती. कित्येक वर्षांत बायकोचं गाणं ऐकलं नव्हतं.

८ ऑक्टोबर
गावच्या शिकार टोळीची बैठक म्हाताऱ्या आउलिसकडे. तोच म्होरक्या. वेलदोड्याचा पाव आणि कॉफी. बंदुका टेबलावर आल्या. माझी साडेसहा मिलिमीटरची बघून टोळीतला वेइयो म्हणाला, "ससे मारायला आलायस का रे, शहरी?" त्यांच्या सगळ्यांच्या नऊ-तीनच्या, म्हणजे नऊ पूर्णांक तीन मिलिमीटरच्या, खांदा निखळेल अशा. मी सांगितलं, मूस गोळीच्या जाडीने मरत नाही, ती कुठे लागते त्याने मरतो.

मग पिशवीतून सायलेन्सर बाहेर काढला. "हा थर्मास कशाला? बंदुकीची कॉफी गार होते का?" सगळे खो खो हसले. देशभर जो तो लावतो, या टोळीत मात्र एकाच्याही नळीवर नाही. मी म्हटलं, माझे कान गिरणीने खाल्लेत, कुत्रीचे तरी वाचू देत. आउलिस हसला नाही. म्हणाला, "इथे बार ऐकू गेला पाहिजे." कुणाला, ते विचारलं तर त्याने कॉफी ओतली. तसा नियम आहे का, विचारलं. नियम नाही म्हणाला. मग झालं तर.

११ ऑक्टोबर
पहिली शिकार. आउलिसने मादी पाडली. त्या उघड्या नळीच्या बाराने माझे दात हलले. नंतर एक चमत्कारिक प्रकार झाला. आतडी आणि काळीज, काळीजसुद्धा, त्यांनी टेकाडावरच्या सपाट दगडावर नेऊन ठेवलं आणि आउलिसने आभाळात आणखी एक बार काढला. कशासाठी, विचारलं. "वाटेकऱ्याला हाक मारली," वेइयो म्हणाला आणि हसला. बाकी कुणी हसलं नाही. नऊ-तीनची गोळी काही फुकट मिळत नाही. खेड्यातली माणसं!

१८ ऑक्टोबर
आज माझा पहिला मूस! जागा मिळाली होती कोठारामागच्या पट्ट्याच्या कडेला. हल्लाने त्याला असा धरून ठेवला की डोळ्यांत पाणी आलं. साडेसहाची एकच गोळी, फुप्फुसांतून आरपार. आणि गंमत अशी की तो माझ्यापासून पळालाच नाही. मान वळवून कोठाराकडे बघितलं, बिचकला आणि सरळ माझ्याच दिशेने येऊन कोसळला. सायलेन्सरचं असंच असतं. बंदुकीच्या तोंडाचा धडाका तो गिळतो, पण हवा फाडत जाणाऱ्या गोळीचा कडाका राहतोच. बंदूक कुठे आहे ते मात्र त्यावरून कळत नाही. कडाका समोरच्या भिंतीवर आपटतो आणि भिंतच कडाडली असं वाटतं. वॉकीटॉकीवर आउलिसने तेच विचारलं, "तुझ्या कोठारातून मारलास की काय?"

टेकाडावर ओझं वाहायला मी काही नोकर नाही. आतडी तिथेच झाडाखाली टाकली, वर बार वगैरे काढला नाही. काळीज घरी आणलं. तुइरेने लोण्यात परतलं. झकास झालं होतं.

२० ऑक्टोबर
आतडी तशीच पडली आहेत. कावळ्यानेसुद्धा चोच लावलेली नाही. कोठाराच्या मागच्या भिंतीवर फळ्या ओरबाडल्यात. हात वर केला तरी माझी बोटं तिथवर पोचत नाहीत. अस्वल असेल. पण ओरबाडे फक्त गोळीचा कडाका आपटला तेवढ्याच भागात आहेत.

२५ ऑक्टोबर
दुसरा मूस, त्याच जागेवरून. टोळीचा या हंगामातला शेवटचा. आउलिसने सकाळी परत सांगितलं होतं, "तेवढा डबा काढ, पोरा." मला राग आला. गिरणीत प्रत्येक साहेबापुढे मान खाली घातली, त्याचं काय फळ मिळालं? नाही काढला. सगळ्यांसमोर आणखी घट्ट पिळला. आतडी झाडाखालीच टाकली आणि काळीज पुन्हा घरी नेलं. टोळीतल्या एकानेही माझ्याशी हात मिळवला नाही. जळोत.

२७ ऑक्टोबर
हल्ला कोठारामागे भुंकत होती, मूस धरून ठेवल्यासारखी एका लयीत. मग अर्ध्या भुंकण्यात थांबली.
तिच्या गळ्यातला पट्टा सापडला. बंद होता, तुटलेला नाही. रक्त कुठेच नाही. ओल्या लोखंडासारखा वास.
मी रडलो. लिहायला लाज वाटत नाही.

२८ ऑक्टोबर
आउलिस आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. जंगलात एक वाटेकरी आहे, म्हणाला. त्याच्या आजाच्याही आधीपासून. बार झाला की ते बाराच्या जागी येतं, आपला वाटा घेतं, निघून जातं. "तू दोनदा बोलावलंस आणि त्याचा वाटा खाल्लास. बार कोठारातून झाला असं त्याला वाटतं. ते तिथेच बसणार."
हे आधी का नाही सांगितलं? तर म्हणे, "सांगितलं असतं तर हसला असतास."
हसलो असतो. पण सांगायचं ना!
म्हटलं, एक मूस मारू, दगडावर ठेवू. तर परवाने संपले, वनखात्याला काय उत्तर देऊ, म्हणाला. ज्याच्या भीतीने तीन पिढ्या काळीज वाहतायत, त्याच्यापेक्षा यांना दंडाची भीती जास्त!

३० ऑक्टोबर
तुइरे बहिणीकडे जायला निघाली. गाडी कोठाराला लागून उभी आहे. गाडीच्या दारापर्यंत गेली आणि पळत परत आली. मग हळूहळू बोलली. ते गाडी आणि भिंत यांच्या मध्ये उभं आहे. भर दुपारी. भिंतीकडे तोंड करून, रांगेत उभं राहिल्यासारखं.
आणि त्याने नाव घेतलं.
कुणाचं, मी विचारलं.
"माझं. तुझ्या आवाजात."

३१ ऑक्टोबर
वेइयोला फोन केला. त्याची गाडी पुलापर्यंत आली. खिडकीतून दिसली. तिथूनच वळली. पोलिसांना काय सांगू?
खिडकीतून मी गोळ्या मारल्या. साडेसहाच्या, एकामागून एक. त्याने मागे वळूनही बघितलं नाही. भिंत मात्र दर गोळीला कडाडत होती आणि ते भिंतीला आणखी चिकटत होतं.
मीच तर बोलावतोय त्याला. दर वेळी. तिथेच.
तुइरे माझा हात सोडत नाही. मी तिला इथे आणलं. यायच्या आधी ती नको म्हणत होती.

१ नोव्हेंबर, सकाळ
ठरलं. मी तळ्याकडच्या खिडकीतून उतरून टेकाडावर जाणार. सायलेन्सर काढून दगडापाशी उघडा बार काढायचा. ते तिकडे येईल, तेवढ्यात तिने गाडी काढायची. मागे बघायचं नाही, थांबायचं नाही. ती म्हणाली, "आणि तू?" मी म्हटलं, दुसऱ्या वाटेने उतरेन, पुलापाशी भेटू. खोटं तिला कळलं. तिने माझा मफलर नीट केला.

दगडापाशी
पोचलो. थर्मास फेकून दिला. एक बार. कान किटले. दुसरा.
खाली कोठारामागे झाडं हलली. येतंय. इकडे येतंय!
वही गुडघ्यावर घेतली आहे. नुसतं बसवत नाही.

कान जरा उघडले. गाडीचं इंजिन. बंद पडलं. देवा— पुन्हा चालू.
निघाली. पुलाच्या फळ्या वाजल्या. गेली. तुइरे गेली. जा, बाई, मागे बघू नकोस, मी—

वास आला.

झाडांच्या कडेला उभं आहे. केवढं— मान वाकवून दगडाकडे बघतंय. दगड रिकामा. हात फिरवतंय त्यावरून, चाचपल्यासारखं.
बोलावलं तर खरं. पण द्यायला माझ्याकडे काही—

आता इकडे बघतंय. माझ्या छातीकडे. डाव्या बाजू—