पोत्याचा एक किलो

आत्या,
मी शाळेत चालली. संध्याकाळी तुले निघायचं हाय, म्हणून लिहून ठेवते. तुह्या बॅगेचं वजन तेवीस किलो नाही, चोवीस हाय! काल शेलूबाजारच्या अडतीत राजूकाकानं बॅग तोलली अन् सवयीनं पोत्याचा एक किलो वजा केला. सकाळी फोनवर इचारलं तर म्हणे, "सोयाबीनले करतो तसंच केलं." विमानात तेवीसच चालते, अन् विमानवाले पोतं वजा करत नाहीत न आत्या!

मग मी बॅग उघडली अन् डोक्यालेच हात लावला. तीन महिने साऱ्या जगाले चक्कर माराले चालली तू, तिकडं बर्फ हाय, अन् स्वेटर काढून त्या जागी भिंतीवरची माह्या फोटोची फ्रेम कायले कोंबली? काचेसगट! अन् वरून साऱ्या गल्लीले सांगत होती, "घराची आठवण मले नाही येत बाप्पा!"

फोटो सोडवून तुह्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. जड फ्रेम काढून स्वेटर परत भरला, आता वजन बसते. आता बॅगेले हात लावशील तर पाह्य.

फ्रेम रिकामीच टांगली हाय. तिच्यात मी दुसरं काही लावणार नाही. फोटो घेऊन ये अन् तुह्या हातानंच लाव.

वर्षाराणी