पायाळूचं शिक्षण

कोरगाव, मंगळवार, १४ जुलै १९८७

इतकी वर्षं मी लोकांच्या पाठीला पाय लावत आले, ते कुठल्या अधिकारानं?

मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेत कायरोप्रॅक्टर व्हायला शिकतोय, म्हणजे हातांनी मणके बसवणारा. आज त्याच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक वाचलं. आधी कॉलेज, मग चार वर्षं हाडं, नसा, एक्स-रे. मग शिक्षकांच्या नजरेखाली रोगी, परीक्षा, आणि मगच परवाना. मी पायांकडून जन्मले, एवढंच माझं शिक्षण! उसण भरली की पायाळूचा पाय लागावा म्हणून सगळे माझ्याकडे. बी.एस्सी. झाले, तरी पायाखाली काय असतं हे कधी विचारलं नाही.

संध्याकाळी खाणीवर ट्रक चालवणारे बाबलोकाका वाकूनच आले. रविवारी मीच त्यांना पाय लावला होता.

"बाय, आणि एक लाथ मार गो. ह्यो पाय बधिर जालो."

बधिर! माझ्यामुळे तर नाही?

मी नको म्हटलं, शिकून परीक्षा दिल्याशिवाय आता कुणाला पाय लावणार नाही. आई हसली, "पायाळूक कसली गो परीक्षा?"

काका रुसले. तरी मी त्यांना पेडण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, रविवारच्या माझ्या लाथेसकट.