यार्नोच्या कॉम्प्युटरचं नवं कॅबिनेट

सावोनलिन्ना, ६ फेब्रुवारी

ती. आर्वोदादास,
ऑस्मोचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून मी फोनवर ओरडतो आणि शेजारी दारात येऊन उभे राहतात, म्हणून पत्रच बरं. दादा, माझ्या हातून घात झाला आहे.

ऑक्टोबरात यार्नोची गाडी रस्त्यात आलेल्या मूस हरणावर आदळली, तेव्हापासून हेल्वी रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन त्याचा कॉम्प्युटर लावते. पडद्यावर पोराचं नाव येतं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. ती बराच वेळ काहीबाही टाइप करते, मशीन म्हणतं चूक, मग ती बंद करून झोपायला येते. आतापर्यंत एकही दिवस चुकला नव्हता.

त्याच्या पलंगाखाली नवंकोरं कॅबिनेट खोक्यासकट पडलं होतं. जुन्याचा पत्रा चेपलेला, पंखा किंचाळायचा. पोराने हौसेने आणलं आणि बदलायचं राहून गेलं. मला वाटलं, त्याचं राहिलेलं काम बापाने पुरं करावं. हेल्वी बहिणीकडे गेली होती तेवढ्यात सगळं उचकटून नव्यात बसवलं. बटण दाबलं, पंखा जरासा फिरला आणि थांबला. तेव्हापासून तसंच. हेल्वी आली, तिने पाहिलं, आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सूप पुढ्यात ठेवते आणि उठून जाते. पोरगा गेला तेव्हासुद्धा ती बोलत होती रे.

तू जन्मभर दुकानात हेच केलंस. काय करू ते सांग. लोभ आहेच, आता थोडी अक्कलही पाठव.

तुझा,
ऑस्मो


तुर्कु, १० फेब्रुवारी

चि. ऑस्मोस, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, वाईट वाटलं. पण आधी रडणं थांबव आणि हात धुऊन ये.

होड्या बांधणाऱ्या माणसाने पेचकस हातात घ्यावा तर आधी भावाला विचारावं. असो. हार्ड डिस्क काढून मऊ कापडात ठेव. यार्नोचं जे काही आहे ते तिच्यात आहे, आणि ते बहुतेक सुखरूप असेल. मग सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढ, लाकडी टेबलावर पुठ्ठा पसरून मदरबोर्ड त्यावर मांड. प्रोसेसरजवळ एक छोटी वेगळी वायर लागते, ती विसरला नाहीस ना ते बघ. मेमरीच्या पट्ट्या टक् आवाज येईपर्यंत दाब. आता चालू कर. पुठ्ठ्यावर चालला तर खोट कॅबिनेटमध्ये बसवण्यात आहे. नाहीच चालला तर पुन्हा लिही.

हेल्वीशी तू बोलत राहा. तिने उत्तर दिलं नाही तरी बोल.

तुझा दादा,
आर्वो


सावोनलिन्ना, १३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पुठ्ठ्यावर चालला! मी एकटाच स्वयंपाकघरात नाचलो. परत कॅबिनेटमध्ये घातला आणि परत मेला. हसावं की डोकं आपटावं?

बसवण्यात खोट नाही, हे छातीठोक सांगतो. बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात ना, त्या कॅबिनेटमध्ये जितकी भोकं होती तितक्या सगळ्या मारल्या आहेत. फळी अधांतरी सोडली की ती वाकणार, हे मला कुणी शिकवायला नको.

घाईत आहे.
ऑस्मो


तुर्कु, १६ फेब्रुवारी

चि. ऑस्मोस, आशीर्वाद.

गाढवा, होडी बांधलीस तू! बोर्डाला जिथे स्क्रूचं भोक आहे फक्त तिथेच खुंटी हवी. बाकीच्या खुंट्या त्याच्या पाठीवरच्या सोल्डरच्या झाळकामाला टेकतात आणि शॉर्ट होतं. जास्तीच्या काढून टाक. बोर्ड वाचला आहे, हे नशीब समज.

आणि चालू झाला की ती डिस्क मला पाठव. कुलूप मी इथे तोडून देतो. हेल्वीने रोज अंधारात चाचपडत बसावं हे मला बघवत नाही. तिला म्हणावं, पासवर्ड शोधण्याचा जाच आता संपला.

तुझा,
आर्वो


सावोनलिन्ना, २१ फेब्रुवारी

ती. आर्वोदादास,
सा. न. वि. वि.

खुंट्या काढल्या, डिस्क परत जोडली. चालला. पडद्यावर यार्नोचं नाव आलं आणि मी खुर्चीत बसून लहान पोरासारखा रडलो. आवाज ऐकून हेल्वी दारात आली.

मी तिला तुझा निरोप सांगितला, की दादा कुलूप तोडून देतो म्हणतोय, आता पासवर्ड शोधायला नको. ती म्हणाली की पासवर्ड तिने कधी शोधलाच नाही. त्या चौकटीत ती रोज त्याला लिहिते: आज काय शिजवलं, कोण भेटलं, बाबाचा गुडघा कसा आहे. अक्षरं दिसत नाहीत, नुसते ठिपके उमटतात, आणि तेच तिला बरं वाटतं, कारण ते तिलाही परत वाचता येत नाही. मी कॉम्प्युटर बंद पाडला त्या संध्याकाळी तिला वाटलं की आता त्याला काही कळवायची सोयच उरली नाही.

दादा, इतके महिने शेजारच्या खोलीत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

मग ती थोडी सरकून बसली आणि मला जागा करून दिली. मी एका बोटाने लिहिलं की तळ्यावरचा बर्फ अजून पक्का आहे, आई आज माझ्याशी बोलली, आणि तू कुठे आहेस. ठिपक्यांची रांग झाली. मी बटण दाबलं तर ‘पासवर्ड चुकीचा आहे’ असं आलं. हेल्वी म्हणाली की रोज असंच येतं, वाईट वाटून घ्यायचं नाही, उद्या परत लिहायचं.

डिस्क पाठवत नाही, रागावू नकोस. आम्हा दोघांवर लोभ असू दे.

तुझा,
ऑस्मो