खालचे पाच लाख

आत्याबाई,

तुमच्या लेकाची बायपास झाली आणि ते बरे आहेत. हे आधी सांगते, नाहीतर पुढचं तुम्ही काही ऐकून घेतलं नसतं. लिहायला बसले ते त्यांच्या तब्येतीमुळं नाही. आज सकाळी राऊंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनी उशीला टेकून सांगितलं, "डॉक्टर, आपरेशनला एक रुपया लागला न्हाय बघा. ही सगळी आमच्या मंडळींची हुशारी. कागद वाचावा तर ह्यांनीच." डॉक्टर हसले, सिस्टर हसली, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांनीही मान डोलावली. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज घेऊन मला घरी जाता येईना, आणि जिवंत माणसांपैकी जिला सांगावं अशी कुणी डोळ्यांपुढं येईना. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हेही मी विसरलेले नाही.

तुमच्या काळात यातलं काही नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सांगते. आम्हा दोघांची मिळून एक आरोग्य विम्याची पॉलिसी होती. दरवर्षी हप्ता भरायचा, आजारी पडलं तर हॉस्पिटलचा खर्च कंपनीनं द्यायचा. आमची वयं वाढली तसा हप्ताही वाढत गेला. आधी कुरकुरत भरत होतो, मग महिनाभर आधीपासून त्याचीच बोलणी घरात सुरू व्हायची. अशात सरकारनं सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांसाठी कार्ड काढलं. श्रीमंत असो नाहीतर गरीब, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. ह्यांची सत्तरी उलटलेली होती. मी त्याच आठवड्यात जाऊन ह्यांचं कार्ड काढून आणलं. आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता हिशेब मांडला. खालचे पाच लाख सरकार देणार. पाच लाखांच्या वरचा खर्च देणारी वेगळी पॉलिसी मिळते, टॉप-अप म्हणतात तिला, आणि ती स्वस्त असते. मग ही जुनी महागडी पॉलिसी पोसायची कशाला?

हे म्हणाले, "असू दे की जुनी. सवय झालीया तिची."

"सवयीचा हप्ता भरायचा का?" मी म्हटलं. "वाचलंय मी सगळं. तुम्ही यात पडू नका."

ते पडले नाहीत; मी टॉप-अप घेतली आणि जुनीचा हप्ता थांबवला. आमच्या घरात मी एवढं म्हटलं की विषय संपतो, आणि इतकी वर्षं त्याला मी माझा गुण समजत आले.

पॉलिसीचं काम बघणारे जे एजंट आहेत, त्यांचा फोन आला होता. गृहस्थ जुने, आमच्याच वयाचे. हप्ता का आला नाही म्हणून विचारत होते. मी माझा हिशेब ऐकवला. ते म्हणाले, "ताई, जुनी सोडू नका. वरची पॉलिसी वरचंच देते. सरकारी कार्ड जिथं चालत नाही तिथं खालचं तुमच्याच खिशातनं जाणार. अजून मुदत आहे, भरून टाका. नंतर ती परत जिवंत होत नाही." किती सरळ सांगितलं होतं बघा. एक अक्षर अवघड नव्हतं. आणि मी त्यांना काय म्हणावं? "तुमचं कमिशन बुडतंय म्हणून जीव तुटतोय का?" ते म्हणाले, "बरं ताई, तुम्ही जाणत्या." आणि फोन ठेवला. तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. भाजी फोडणीला टाकताना मी ते वाक्य मनात परत एकदा म्हणूनही घेतलं होतं.

शिरोलीच्या कारखान्यातल्या ऑफिसात मी तीस वर्षं दुसरं काय केलं? कामगारांचे दवाखान्याचे, फंडाचे कागद माझ्या टेबलावरून जायचे. भट्टीवरची माणसं, हात काळे, कागदावर बोटाचा डाग उमटेल म्हणून दोन बोटांनी पेन धरून सही करायची. मी ओरडायची, "वाचलंत का? न वाचता सही केली तर उद्या माझ्याकडं रडत यायचं नाही." माझ्या टेबलाशी यायला माणसं घाबरायची, याचा मला अभिमान होता. तुम्हीही त्या अभिमानाला खतपाणी घातलंत, आता सांगायला हरकत नाही. सून नोकरीला लागली म्हणून उचगावात भावकी कुजबुजायला लागली, तेव्हा तुम्ही दुधाच्या पैशातून महाद्वार रोडवर जाऊन माझ्यासाठी पर्स घेऊन आलात. "कापडी पिशवी घिऊन हापिसात जातीस, बरं दिसत न्हाय. शिकल्याली हाईस, तशी दिस तरी." मग अंगणात जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "आमची सून वाचून दावती, तवा ह्या घरात कागदाला अंगठा लागतोय." त्या दिवसापासून या घरातला प्रत्येक कागद माझा झाला. कागदामागचं माणूसही माझंच, असं मी कधी धरून चालले, ते मलाही सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात ह्यांच्या छातीत भरून आलं. ज्या डॉक्टरांना ते वर्षानुवर्षं दाखवत आले त्यांच्याकडंच, राजारामपुरीत, नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. बायपास करावी लागेल, आज-उद्या नको पण आठवड्याच्या आत करू, म्हणाले. हे शांत होते. त्या डॉक्टरांवर त्यांचा इतका भरवसा की नुसती नाडी बघितली तरी ह्यांचा चेहरा उजळायचा. मी कागदांची फाइल घेऊन खाली काउंटरवर गेले. तिथल्या मुलीनं कार्ड बघितलं आणि परत दिलं.

"हे आमच्याकडं चालत नाही मॅडम. आमचं हॉस्पिटल त्या यादीत नाही."

"मग ही दुसरी पॉलिसी घ्या."

तिनं संगणकात बघितलं. "ही पाच लाखांच्या वरचं देते. खालचे पाच कोण भरणार?"

"सरकार."

"सरकार इथं नाही की मॅडम," ती म्हणाली. थट्टेनं नव्हे, अगदी कीव येऊन. "आणि तुमचं बिल पाचाच्या वर जायचंच नाही. म्हणजे ही पॉलिसी पण काही देणार नाही."

मी आवाज चढवला. तुमच्या वरिष्ठांना बोलवा, मी तीस वर्षं हीच कामं केली आहेत, असलं बरंच काही बोलले. रांगेतली माणसं बघायला लागली. मागच्या बाकावर हे पाण्याची बाटली मांडीवर धरून बसले होते. लिफ्टनं कधी खाली आले होते कुणास ठाऊक. सगळं ऐकलं होतं त्यांनी. उठले आणि म्हणाले, "चल की. त्या पोरीला कशाला वरडतीस? तिनं काय कायदा केलाय व्हय?" मग त्या मुलीकडं वळून, "आमच्या बाईसाहेबांची चूक न्हाय बरं. कागदच तसलं असत्यात." मी ते तसंच राहू दिलं.

रिक्षात मला तुमचे डोळे आठवले. शाळेत मोतीबिंदूचं मोफत शिबिर लागलं होतं आणि गल्लीतल्या चौघीजणी टेम्पोतून ऑपरेशनला जाणार होत्या. तुम्हाला त्यांच्याबरोबर जायचं होतं. लुगडं घडी करून, डबा बांधून तुम्ही आदल्या दिवसापासून तयार होतात. मी जाऊ दिलं नाही. आमच्या घरचं माणूस फुकटच्या शिबिरात जाणार नाही, म्हणाले, आणि तुम्हाला रिक्षात घालून गावातल्या मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या चौघी हिरव्या पट्ट्या बांधून, एकमेकींचे हात धरून, हसत खिदळत टेम्पोतून उतरल्या, तेव्हा तुम्ही एकट्या दारात उभ्या होतात. मला म्हणालात, "डोळं माझं आणि लाज तुझी, हे कसलं गं? मला इचारायचं तरी." औषधाचे थेंब घालायची वेळ झाली, एवढंच मी म्हटलं होतं. तेव्हा मोफत म्हणून मी नको म्हटलं, आता मोफत म्हणूनच उडी मारली. दोन्ही वेळी शहाणपण माझं आणि अंग दुसऱ्याचं.

यादीतलं हे हॉस्पिटल स्वच्छ आहे. माणसं नीट बोलतात. योजनेच्या खिडकीवरच्या बाईनं दोन दिवसांत मंजुरी आणून दिली. मला इथल्या कशाची लाज वाटत नाही, हे तुम्ही नीट समजून घ्या. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी मोसंबी सोलत होते. धीर करून ह्यांना विचारलं, "बँकेतली ठेव मोडू या. तुम्हाला कुणाकडं करून घ्यायचंय?" लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, असं मी बहुधा पहिल्यांदाच विचारलं. मला वाटलं होतं, इथं काय वाईट आहे म्हणतील, आणि मी सुटेन.

"त्या डॉक्टरनं हात लावला की मला भ्या वाटत न्हाय," म्हणाले. "तिथंच करून घ्यायचं हुतं."

"मग करू."

"ठेवीला हात लावायचा न्हाय. ती तुझी हाय, माझ्या मागं लागंल तुला." आणि मग माझा चेहरा बघून असेल, मोसंबीची फोड तोंडात टाकत म्हणाले, "हितला डॉक्टर काय कोंबड्या कापून शिकला न्हाय. असंल की चांगलाच."

होता चांगलाच. पण सकाळी ढकलगाडीवरून नेताना त्यांनी माझा हात असा धरला होता, की कितीतरी वेळ माझ्या बोटांवर वळ होते. भ्यालेलं माणूस होतं ते, आत्याबाई. ते भय त्यांना टाळता आलं असतं.

आज डॉक्टर गेल्यावर शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांची बायको माझ्याकडं सरकली. वारणेकडची, दुधाचा व्यवसाय, हातात पाटल्या आणि अंगाला वैरणीचा वास. "बाईसाहेब, तुमी जाणत्या दिसताय म्हणून इचारतो. आमच्या ह्यांची बँकेतनं एक पॉलिसी चालू हाय. ल्योक म्हणतोय, आता कार्ड हाय, बंद कर. करू का?"

"करू नका," मी म्हटलं. माझा आवाज ऑफिसातल्यासारखाच निघाला, दुसरा मला येत नाही. कार्ड यादीतल्या हॉस्पिटलातच चालतं, यादीतल्याच उपचारांना चालतं, हे तिला सांगितलं. ऑपरेशन मोफत होईल, पण घरी गेल्यावर महिन्याच्या महिन्याला लागणाऱ्या गोळ्या, तपासण्या हे कायम कार्डावर होणार नाही. जुनी पॉलिसी सोडली की इतक्या वर्षांच्या हप्त्यांनी मिळवलेला हक्क जातो. नवी घेतली तर आधीपासूनच्या आजारासाठी पुन्हा काही वर्षं थांबावं लागतं. आणि वरची घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण खालचा खर्च प्रत्येक ठिकाणी कोण देणार हे आधी बघा. कार्ड असू दे आणि झेपत असेल तोवर जुनीही असू दे. तिनं सगळं नीट ऐकलं.

मग म्हणाली, "तर मग तुमी का सोडली?"

ह्यांनी डोळे उघडले. मला वाटलं होतं, झोपलेत.

"मला नीट कळलं नव्हतं," मी म्हटलं.

"तुमास्नी बी?" ती बाई एवढी खूश झाली की तिनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आन् आमी उगंच लाजतोय!"

हे हसले. टाके दुखतील म्हणून छातीशी उशी धरून हसले. "बघा पावणं," म्हाताऱ्यांना म्हणाले, "आमच्या मंडळींना कळलं न्हवतं म्हणं. हे ऐकायला बायपास करावी लागली." सगळी खोली हसली, मीही हसले, आणि सगळ्यांना वाटलं, बाईनं कबूल केलं, मोठ्या मनाची आहे.

ते खरं नव्हतं. न कळणं हा गुन्हा नाही, ते त्या भट्टीवरच्या माणसांचं होतं, आणि मी ते माझ्या नावावर घेतलं. मला सांगितलं गेलं होतं. सोप्या मराठीत, मुदतीच्या आत, माझ्या भल्यासाठी. सांगणाऱ्याला मी टोमणा मारून गप्प केलं, आणि नवऱ्याला तो फोन आल्याचंही कळू दिलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घरी गेल्यावर फाडून टाकेन, नाहीतर ह्यांच्या हाताला लागेल.

दुपारी सिस्टर म्हणाली, आजोबांच्या वस्तू आता त्यांच्याकडं द्यायला हरकत नाही. ऑपरेशनच्या आधी सही करून मी घेतल्या होत्या. परत दिल्या त्या अशा. चष्मा, काचा पुसून. वरची कवळी, धुऊन. चांदीचा करदोडा. मनगटी घड्याळ, चालू. मोबाइल, चार्ज केलेला. एजंटनी मला काय सांगितलं होतं, ते दिलेलं नाही.