जहाज ठरवण्याआधीचा प्रश्न

नाना,

आधी काय झाले ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या महिन्यात केळीचे चार थंड कंटेनर मी एका जहाज कंपनीला दिले. दर, लागणारे दिवस आणि वेळापत्रक मिळून माझ्या तक्त्यात ती पहिली होती.
२. मधल्या बंदरात माल दुसऱ्या जहाजावर चढायचा होता. ते जहाज आमचे कंटेनर न घेताच सुटले.
३. कंपनीने हे सहाव्या दिवशी कळवले. तोवर रोज एकच उत्तर येत होते, सगळे वेळेवर आहे.
४. दोन कंटेनरमधली केळी वाटेतच पिकून पिवळी पडली. खरेदीदाराने ती घेतली नाहीत.
५. निवड माझी होती.

पहिल्याच दिवशी कळले असते तर माल दुसऱ्या जहाजाने निघाला असता. आता पूर्ण हंगामाचे कंटेनर एकाच कंपनीला द्यायचे आहेत आणि ती कंपनी पुन्हा मीच ठरवायची आहे. आणखी एकदा असे झाले तर माल दुसऱ्या देशातून घेऊ, असे खरेदीदाराने स्पष्ट सांगितले आहे.

दहावीच्या सुट्टीत मी जळगावला तुमच्या ट्रक बुकिंगच्या ऑफिसात पावत्या लिहायला बसायची. दिल्लीला जाणाऱ्या केळीसाठी ड्रायव्हर समोर उभे असत. तुम्ही प्रत्येकाला चहा देता आणि एकच विचारता, "मागच्या खेपीला कुठे अडकला व्हता?" एक जण छाती पुढे काढून म्हणतो, "नाना, आपली गाडी अडकतच नाही." त्याला चहा मिळतो, माल मिळत नाही. धुळ्याचा एक जण कपात बघत म्हणतो, "नाना, खोटं कसाले सांगू? शिरपूरजोडे डोया लागी गया. दोन तास गयात." केळी त्याच्या गाडीत भरली जातात. मी म्हणाले, "झोपणाऱ्याला माल? ही काय पद्धत झाली, नाना? याला अडाणीपणा म्हणतात." ड्रायव्हर हसले. तुम्ही नाही हसलात. "तू पावती लिही," एवढेच म्हणालात.

दोन वर्षांनी मला धुळ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सोडायचे होते, तेव्हा गादी, ट्रंक, आई आणि मी, सगळ्यांना तुम्ही त्याच माणसाच्या केबिनमध्ये बसवलेत. मी कुजबुजले, "नाना, हा तोच झोपणारा." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच." पारोळ्याला त्याने गाडी बाजूला घेतली. "अक्का, जराखा थांबूत. डोया जड व्हयी ऱ्हायनात." चहा सांगायच्या आधी तो समोरच्या दुकानात गेला आणि तुम्हाला फोन केला, की एक तास उशीर होईल. मी घड्याळ बघत बसले होते. तो फोन कशासाठी होता, हे मला तेव्हा कळले नाही. तिसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात.

या सोमवारी तीन जहाज कंपन्यांचे लोक येऊन गेले. तक्ता बाजूला ठेवून मी तिघांनाही विचारले, "मागच्या खेपेला माल कुठे अडकला होता?" पहिला म्हणाला, "आमच्याकडे डिले होतच नाही, मॅडम." दुसऱ्याने माहितीपत्रक पुढे केले. तिसरा म्हणाला, "द्राक्षांचे दोन कंटेनर राहिले होते. त्याच संध्याकाळी मी पार्टीला फोन केला. फार शिव्या खाल्ल्या, मॅडम." त्या पार्टीला मी स्वतः फोन लावला. ते म्हणाले, "हो, शिव्या दिल्या. आणि पुढचा मालही त्यालाच दिला."

त्याचा दर जास्त आहे, दोन दिवसही जास्त लागतात. माझ्या तक्त्यात तो तिसरा होता. मी एक रकाना वाढवला, अडचण किती तासांत कळवतात याचा, आणि तो पहिला आला. आमच्या ऑफिसातल्या सरांनी विचारले, "हे कुठून काढलंस?" मी म्हणाले, "माझंच आहे."

तेवढे एक खोटे बोलले. शिवाय त्या दिवशीचा 'अडाणीपणा' हा शब्द मी कधी परत घेतला नाही.

बुकिंग गुरुवारी दुपारी चारला बंद होते. माल मी तिसऱ्याला देते आहे. तुमची हरकत असेल तर त्याआधी कळवा.