माणशी एक कलिंगड

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (गुडघा धरला असल्यामुळे आठांपैकी एक अंग उधार.) तुझी कंबर कशी आहे? आमच्याकडे सर्व क्षेम, फक्त एक घोर अन्याय झाला आहे. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानाने सेलचं पत्रक गुरुवारऐवजी शुक्रवारी संध्याकाळी वाटायला सुरुवात केली आहे. शनिवार-रविवारची दोन जेवणं माणसाने एका संध्याकाळात आखायची! युद्धंसुद्धा याहून निवांतपणे आखत असतील.

उन्हाळाभर शनिवार-रविवारचा स्वयंपाक माझ्याकडे आणि सेलमध्ये असेल तेवढंच शिजवायचं, हा माझा पण तुला ठाऊक आहेच. तो मी पाळतो आहे. मागच्या शनिवारी भोपळी मिरची निम्म्या भावात होती. त्यामुळे सूप मिरचीचं, भाजी मिरचीची आणि (पोरं अजून याबद्दल बोलायला तयार नाहीत) गोडही मिरचीचंच. तुझी भावजय म्हणाली, "पत्रक तुम्ही वाचता, शिक्षा आम्ही खातो." मी लक्ष दिलं नाही. निर्धाराच्या माणसाला घरातून पाठिंबा मिळाल्याचं कधी ऐकलं आहेस?

पण तू तीन आठवडे माझा फोन उचलत नाहीस, तेव्हा त्या कलिंगडाच्या शनिवारची हकिकत एकदा माझ्या बाजूने कागदावर येऊ दे. पत्रकात कलिंगड होतं, भाव निम्मा, पण खाली बारीक अक्षरांत 'माणशी एकच'. मला दोन हवी होती. (एक जेवणाआधी, एक जेवणानंतर. मधे काय, ते ठरायचं होतं.) तू जेवायला तासभर आधी आलीस, यात माझा दोष नाही. पाहुणीला पाणी विचारायच्या आधी मी तिला रांगेत उभी केली, यात थोडा आहे. सात किलोचं एक कलिंगड तुझ्या कडेवर, दुसरं माझ्या, आणि अनोळखीपणा दिसावा म्हणून मधे एक गृहस्थ, हातात फक्त काडेपेटी घेतलेले. बेत चोख होता. तेवढ्यात तू मागून ओरडलीस, "अरे बाळ्या, हात गळून पडला माझा, धर की जरा!"

काउंटरवरच्या बाईने मान वर केली. "एकत्र आहात का?"

आणि मी म्हणालो, "छे! मी या बाईंना ओळखत नाही."

तू कलिंगड काउंटरवर ठेवलंस, चष्मा सारखा केलास आणि बाहेर पडलीस. मला वाटलं, काय अभिनय करते आमची ताई! पैसे देऊन बाहेर आलो, तर तू बसमध्ये चढली होतीस. (माझं कलिंगड आतून पांढरंफटक निघालं. तुला बरं वाटावं म्हणून सांगतो आहे.)

असो. अशाने मी डगमगणारा नाही. या शनिवारी कणसं सेलमध्ये आहेत, वांगीही आहेत. पण म्हणजे पण.

तुझा भाऊ
(दुकानाच्या माहितीप्रमाणे, अनोळखी इसम)

ता. क. पहिलीत असताना मी वर्गाची काच फोडली होती. हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर विचारलं, "हे कार्टं कुणाचं?" चौथीच्या रांगेतून तू हात वर केलास. "आमचं." मग आपण दोघंही दुपारभर उन्हात उभे होतो. तू घरी सांगितलं नाहीस. हे मला का आठवलं, कोण जाणे.

आणखी एक ता. क. काल दुकानात गेलो होतो. घ्यायचं काही नव्हतं, तरी रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर काउंटरवरच्या बाईला सांगितलं, "त्या दिवशी कलिंगड ठेवून गेली ना, ती माझी सख्खी थोरली बहीण." ती म्हणाली, "दिसतंय की. नाक एकच आहे दोघांचं. चला, पुढे सरका."

शेवटचा ता. क. पत्र पोराच्या हाती पाठवतो आहे, उद्या शनिवारी सातला ये. तुला आवडतात त्या चेरी आणून ठेवल्या आहेत. पत्रकात नव्हत्या.