बारके काढा, मोठे सोडा

१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

झालं एकदाचं भाषण! स्थळ — इथे आखातात, अल गराफातल्या आमच्या कंपाउंडचं क्लबहाउस. विषय — तळ्यातल्या बास माशांचं संवर्धन. हजेरी — चौदा. त्यातले सहा सामोशांसाठी. प्रोजेक्टर रुसला म्हणून पंप हाउसचे हसनमियां परकार वायर जोडायला आले, ते मागेच उभे राहिले शेवटपर्यंत. पण ते काही क्लबचे सभासद नव्हेत, म्हणून रिपोर्टात चौदाच लिहिले.

वाळवंटात गोड्या पाण्याचं तळं करायचं. त्यात अमेरिकेतला मासा सोडायचा. त्याला इथला उन्हाळा सोसत नाही म्हणून पाणी चिलरने गार करायचं. मग साहेबलोकांनी तो गळाने पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा! या सगळ्या शहाणपणावर देखरेख करायला पुण्याहून एक शाकाहारी माणूस आणलाय — मी.

सांगितलं अगदी सोपं करून. तळ्यात बारके मासे बेसुमार झालेत. खाणं तेवढंच, तोंडं दसपट, म्हणून कुणीच वाढत नाही. तेव्हा तीस सेंटीमीटरच्या आतले काढा, घरी न्या, खा. आठवड्याला वीस तरी. मोठे मात्र सोडून द्या. 'बारके काढा, मोठे सोडा' असं तीनदा म्हणालो, बालवाडीत म्हणतात तसं.

प्रश्न एकच आला — "तुम्ही स्वतः कधी खाल्लाय?" मी खरं ते सांगितलं. लोक पोट धरून हसले आणि सभा संपली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी तीन तास काठावर वही घेऊन बसलो. पकडलेले — एकतीस. घरी नेलेले — शून्य! एका बाईंनी तर वीतभर माशाची पापी घेऊन त्याला सोडलं. आमची अंतरा शेजारी टाळ्या वाजवत होती. रागावलो, तर म्हणे, "बट बाबा, दे आर बेबीज!"

नुपूर म्हणाली, "तू आधी एक तळून खाऊन दाखव, मग लोकांना सांग." बायकोने बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षाच नव्हती म्हणा.

३ नोव्हेंबर

सुशांतने केबिनमध्ये बोलावलं. नाशिकचा आहे, सगळ्या कंपाउंडचा कारभार त्याच्याकडे. "मालक वैतागलेत रे. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत मासे मोठे दिसले नाहीत तर तळं बुजवायचं, पॅडल टेनिसचं कोर्ट करायचं. यल्ला, काहीतरी कर."

काहीतरी! म्हणजे काय, पाण्यात उतरून त्यांची शिकवणी घेऊ? तळं गेलं की मीही गेलो. अंतराची शाळा, हे घर, सगळं आवरून परत पुणे. नुपूरला अजून सांगितलेलं नाही. भीती वाटते, खरंच.

१६ जानेवारी २०२५

मासे वाढले!! आज जाळं टाकून पन्नासेक पकडले, वजनं केली. पोटं कशी गच्च, पाठी रुंद. एक मादी तर दोन किलोची! सुशांतने पाठ थोपटली. मालकांना मेल लिहिला, त्यात 'सुनियोजित व्यवस्थापनाचे फलित' असे शब्द घातले. नियोजन नक्की काय केलं ते आठवेना. मध्यंतरी खाद्याची कंपनी बदलली होती. तेच असणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चोर सापडला! माझ्या तळ्यात चोर!

दुपारी साडेतीन, कंपनीची बस यायच्या जरा आधी, पंप हाउसच्या मागे हसनमियां. हातात नुसती दोरी आणि गळ, पायाशी झाकलेली बादली. विचारलं तर शांतपणे म्हणाले, दर गुरुवारी नेतो साहेब, इंडस्ट्रियल एरियात आमच्या खोलीवर शुक्रवारचं कालवण होतं. पंचावन्नचा माणूस, रत्नागिरीकडचा, रोज सलाम करतो, मराठीत पोरीची चौकशी करतो आणि माझ्या नाकाखालून मासे उचलतो! पुढे काहीतरी सांगायला लागले. म्हटलं, जे काय असेल ते ऑफिसात सांगा.

तक्रार लिहिली. दोन पानं, मुद्देसूद. हात शिवशिवत होते.

१५ मार्च

हसनमियांना त्यांच्या कंत्राटदाराने कामावरून काढलं म्हणे. मला वाटलं होतं, समज देऊन सोडतील. मी फक्त 'कडक कारवाई व्हावी' एवढंच लिहिलं होतं. ते काय, सगळेच लिहितात.

२२ जून

चिलर चालू, खाद्य तेच, मासे जरा उतरल्यासारखे वाटतात. उकाडा असेल. इथे सगळ्याचं खापर उन्हाळ्यावर फोडायची सोय आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज परत वजनं केली. डोकी मोठी, पोटं खपाटीला. ती दोन किलोची मादी सापडली — सव्वा किलो. आणि खाली बारक्यांचा नुसता बुजबुजाट. पलीकडच्या काठावर दोन माणसं टेप लावून पॅडल कोर्टाची मापं घेत होती.

दुपारी सगळ्या नोंदी काढून बसलो. मासे सुधारायला लागले गेल्या वर्षी ऑक्टोबरात. खाद्य बदललं डिसेंबरात! म्हणजे ते नव्हे. घसरण सुरू झाली मार्चपासून. मार्चमध्ये काय बदललं? काही नाही. तळ्यावरचा एक माणूस कमी झाला.

मग माझीच तक्रार काढून वाचली. 'बादलीत वीस मासे आढळले. सर्व तीस सेंटीमीटरच्या आतील.' हे मीच मोजलं होतं, मीच टाइप केलं होतं!

सुशांतकडे धावलो. म्हटलं, त्यांना परत आणा, मी लिहून देतो, चूक माझी. तो म्हणाला, "खलास रे. मार्चमध्येच व्हिसावर एक्झिट मारून गावी पाठवलं त्यांना. आता आठवण झाली होय तुला?"

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पंप हाउसमधून नंबर मिळवून रत्नागिरीला फोन लावला. माफी मागितली. ते आधी अंतराची चौकशी करत बसले. मग म्हणाले, "तुमीच नाय का त्या दिवशी भाषनात बोललाव, बारके काढा, मोठे सोडा? मी एक पन मोठा नाय नेला साहेब."

जुना रिपोर्ट काढला. 'हजेरी — चौदा' खोडलं. हजेरी — एक.